इन्फ्ल्यूएंझा : डुकरे व पाळीव पक्षी यांमधील संक्रमण

इन्फ्ल्यूएंझा-ए गटातील व्हायरस हे मुळात पाणपक्ष्यांच्या शरीरात वास करणारे असले, तरी ते कोंबड्या, टर्की, लावे यांसारखे पाळीव पक्षी, तसेच डुक्कर, घोडा, माणूस इ. प्राण्यांतही रोग उत्पन्न करतात. यांपैकी डुकरे व पाळीव पक्षी हे माणसाच्या निकट सहवासात व मोठ्या संख्येने एकत्र पाळले जात असल्यामुळे त्यांच्यात परस्परांत होणाऱ्या व्हायरसाच्या संक्रमणाला विशेष महत्त्व आहे. असे संक्रमण दोन्ही दिशांनी होते. पक्ष्यांतील व्हायरस डुकरांत शिरतात व डुकरांतील व्हायरस पक्ष्यांत, विशेषतः टर्कींत, जातात. बहुतेक वेळा हे संक्रमण एखाद्या कळपापुरते मर्यादित राहून थांबते. तथापि क्वचित प्रसंगी पक्ष्यांतील व्हायरस डुकरांत कायमचा स्थिरावतो, इतर व्हायरसांशी त्याच्या आनुवंशिक घटकांची देवाणघेवाण होते व माणसात जागतिक साथ निर्माण करू शकेल असा नवा व्हायरस उदयास येतो. २००९ मधील जागतिक साथ अशाच व्हायरसामुळे उद्‌भवली. त्यामुळे या संक्रमणाचा प्रश्न केवळ पशुपालकाच्या आर्थिक हानीचा नसून सार्वजनिक आरोग्याचाही आहे. [⟶ इन्फ्ल्यूएंझा].

इतिहास : पक्ष्यांतील व डुकरांतील इन्फ्ल्यूएंझा हे रोग स्वतंत्रपणे ज्ञात झाले व त्यांचा परस्परसंबंध पुष्कळ उशिरा लक्षात आला. इटलीतील कोंबड्यांमध्ये उद्‌भवलेल्या एका अतिशय घातक रोगाचे वर्णन एदोआर्दो पेरॉन्चितो यांनी १८७८ मध्ये केले. हा रोग पुढे ‘कोंबड्यांचा प्लेग’ या नावाने ओळखला जाऊ लागला. सूक्ष्मजंतू अडवून धरणाऱ्या गाळण्यांतून त्याचा कारक पार होतो, असे १९०१ मध्ये आढळून आले. मात्र हा कारक इन्फ्ल्यूएंझा-ए गटातीलच व्हायरस आहे, हे व्हेर्नर शेफर यांनी १९५५ मध्ये सिद्ध केले.

डुकरांतील रोग १९१८ च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या आयोवा राज्यात प्रथम ठळकपणे दिसून आला. त्या वेळी माणसांत इन्फ्ल्यूएंझाची जागतिक साथ ऐन भरात होती. सीडर रॅपिड्स येथे भरलेल्या डुकरांच्या प्रदर्शनाच्या सुमारास हजारो डुकरे आजारी पडली. सरकारी पशुवैद्यकीय सेवेतील जे. एस. कोएन यांना माणसांतील व डुकरांतील लक्षणांचे साम्य जाणवले व दोन्ही रोग एकच असावेत असे मत त्यांनी मांडले. डुकरांचे मांस रोगट ठरून बाजार कोसळेल या भीतीने मांसव्यवसायातील लोकांना हे मत रुचले नाही. पुढे रिचर्ड एडविन शोप यांनी डुकरांतील व्हायरस वेगळा करून १९३१ मध्ये त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. माणसातील व्हायरस विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ यांनी लंडन येथे १९३३ मध्ये वेगळा केला. १९१८ ची साथ अनुभवलेल्या प्रौढ माणसांच्या रक्तरसात डुकरांतील व्हायरसाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे असतात व त्यानंतर जन्मलेल्या लहान मुलांत ती नसतात, असे शोप यांना दिसून आले. यावरून त्या साथीचा व्हायरस माणसाकडून डुकरांकडे गेला असावा व डुकरांत टिकून राहिला असावा, या अनुमानाला बळकटी आली.

व्हायरसाचे स्वरूप : इन्फ्ल्यूएंझा व्हायरसांचे ए, बी, सी व डी असे गट आहेत. पक्ष्यांत आढळणारे सर्व व्हायरस ए गटातील आहेत. या व्हायरसाची आनुवंशिक सामग्री रिबोन्यूक्लिइक अम्लाच्या आठ स्वतंत्र खंडांत विभागलेली असते. व्हायरसाच्या बाह्य आवरणावर दोन प्रकारची प्रथिने असतात. हीमॅग्लुटिनीन (एच) या प्रथिनाच्या साहाय्याने व्हायरस कोशिकेला चिकटतो, तर न्यूरामिनिडेज (एन) या प्रथिनामुळे नव्याने निर्माण झालेले व्हायरस कोशिकेपासून सुटे होतात. पाणपक्ष्यांत पहिल्या प्रथिनाचे निदान १६ व दुसऱ्याचे ९ प्रकार आढळतात आणि त्यांच्या जोड्यांवरून एच१एन१, एच३एन२, एच५एन१ अशी नावे दिली जातात. डुकरांत मुख्यतः एच१एन१, एच१एन२ व एच३एन२ हे तीनच प्रकार स्थिरावलेले आहेत.

या व्हायरसात दोन प्रकारांनी बदल होतात. पहिल्या प्रकारात उत्परिवर्तनांमुळे प्रथिनांत सावकाश व सतत लहान फरक पडत जातात. दुसऱ्या प्रकारात एकाच कोशिकेत दोन भिन्न व्हायरस एकाच वेळी शिरल्यास त्यांच्या आठ-आठ खंडांची सरमिसळ होते व बाहेर पडणाऱ्या काही व्हायरसांत दोन्हींचे खंड एकत्र येतात. यास जनुकांची फेरजुळणी म्हणतात. हिच्यामुळे एका पिढीतच पूर्णतः नव्या गुणधर्मांचा व्हायरस निर्माण होऊ शकतो. डुकरे व पक्षी यांच्यातील संक्रमणाचे खरे महत्त्व फेरजुळणीच्या या शक्यतेत आहे.

रोगलक्षणे : (अ) पक्ष्यांत : रानबदकांसारख्या पाणपक्ष्यांत व्हायरस मुख्यतः आतड्यात वाढतो, विष्ठेवाटे विपुल प्रमाणात पाण्यात मिसळतो व बहुधा पक्ष्याला कोणताही त्रास होत नाही. कोंबड्या व टर्की यांत सौम्य प्रकारच्या व्हायरसामुळे शिंका, डोळ्यांतून पाणी, खाणे कमी होणे व अंडी घटणे इतकीच लक्षणे दिसतात. एच५ व एच७ या प्रकारांचे सौम्य व्हायरस मात्र कोंबड्यांत पसरत असताना उत्परिवर्तनाने अकस्मात घातक बनू शकतात. मग व्हायरस सर्व अवयवांत पसरतो, तुरा व गलोल निळसर पडतात, डोके सुजते आणि एक-दोन दिवसांत बहुतेक पक्षी मरतात. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एप्रिल १९८३ मध्ये सौम्य स्वरूपात आलेला एच५एन२ व्हायरस त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये घातक झाला व रोग आटोक्यात आणण्यासाठी सु. १ कोटी ७० लाख पक्षी नष्ट करावे लागले.

(आ) डुकरांत : संसर्गानंतर एक ते तीन दिवसांत कळपातील बहुतेक डुकरे जवळजवळ एकाच वेळी आजारी पडतात. ताप ४०·५° ते ४१·७° से. पर्यंत चढतो, डुकरे खाणे सोडून एकमेकांना बिलगून पडून राहतात, हलवल्यास भुंकल्यासारखा खोकला येतो व नाकातून स्राव वाहतो. पाच ते सात दिवसांत बहुतेक जनावरे बरी होतात आणि मृत्यूचे प्रमाण अल्प असते. मात्र वजन घटते व सूक्ष्मजंतुजन्य न्यूमोनियाची जोड मिळाल्यास हानी वाढते. पक्ष्यांतील घातक एच५एन१ व्हायरसाचा संसर्ग डुकरांना झाल्यास रोग सामान्यतः सौम्य असतो किंवा लक्षणे दिसतच नाहीत. त्यामुळे कोंबड्यांतील रोग मृत्यूंमुळे लगेच उघड होतो, पण डुकरांतील संसर्ग मुद्दाम तपासल्याखेरीज कळत नाही.

संक्रमणातील अडथळे : एका जातीच्या प्राण्यांत रुळलेला व्हायरस दुसऱ्या जातीत सहजासहजी टिकत नाही. पहिला अडथळा कोशिकेच्या पृष्ठभागावरील ग्राहींचा होय. सायालिक अम्ल नावाची शर्करा ज्या पद्धतीने जोडलेली असते तीनुसार या ग्राहींचे दोन मुख्य प्रकार पडतात. पक्ष्यांतील व्हायरसांना एक प्रकार मानवतो, तर माणसातील व्हायरसांना दुसरा. डुकराच्या श्वसनमार्गात दोन्ही प्रकारचे ग्राही आढळतात. दुसरा अडथळा तापमानाचा आहे. पक्ष्यांच्या आतड्यातील तापमान सु. ४१° से. असते, तर सस्तन प्राण्यांचा वरचा श्वसनमार्ग त्याहून बराच थंड असतो. तेथे वाढण्यासाठी व्हायरसाच्या प्रतिकृती तयार करणाऱ्या एंझाइमांत योग्य ते उत्परिवर्तन व्हावे लागते. तिसरा अडथळा आश्रयी प्राण्याच्या प्रतिकारक्षमतेचा असून पूर्वी झालेल्या संसर्गामुळे निर्माण झालेली प्रतिपिंडे नव्या व्हायरसाला काही अंशी रोखतात.

पक्ष्यांतील अनेक प्रकारचे व्हायरस डुकरांच्या नाकात घातल्यास ते तेथे वाढतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. मात्र एका डुकरात वाढणे व एका डुकरातून दुसऱ्यात सतत पसरत राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पक्ष्यांकडून डुकरांत आलेले बहुतेक व्हायरस ही दुसरी पायरी ओलांडू शकत नाहीत.

पक्ष्यांकडून डुकरांकडे : या दिशेच्या संक्रमणाचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण यूरोपातील आहे. १९७९ मध्ये बेल्जियम व जर्मनी येथील डुकरांत एक एच१एन१ व्हायरस आढळला. तो डुकरांतील जुन्या व्हायरसापेक्षा रानबदकांतील व्हायरसाशी मिळताजुळता होता. त्याचे सर्व आठही खंड पक्ष्यांतील होते. थोड्याच वर्षांत तो पश्चिम यूरोपातील डुकरांत सर्वत्र पसरला व त्याने तेथील जुन्या व्हायरसाची जागा घेतली. पुढे तो आशियातील डुकरांतही आढळला.

कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात १९९९ मध्ये न्यूमोनिया झालेल्या डुकरांत बदकांतील एच४एन६ हा प्रकार सापडला. हे वराहक्षेत्र पाणपक्ष्यांचे मोठे थवे उतरणाऱ्या एका सरोवराजवळ होते. नेदर्लंड्समध्ये २००३ साली कोंबड्यांत एच७एन७ व्हायरसाची घातक साथ आली. सु. ३ कोटी पक्षी नष्ट करण्यात आले, ८९ माणसांना संसर्ग झाल्याचे निश्चित झाले व एक पशुवैद्य मृत्युमुखी पडला. साथग्रस्त कोंबड्यांबरोबर जेथे डुकरेही पाळलेली होती, अशा काही क्षेत्रांवरील डुकरांच्या रक्तात या व्हायरसाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. इंडोनेशियात २००५ ते २००७ या काळात कोणतीही लक्षणे नसलेल्या डुकरांत एच५एन१ व्हायरस सापडले व ते जवळपासच्या कोंबड्यांतील व्हायरसांशी जुळणारे होते. चीनमधील डुकरांत कोंबड्यांतील एच९एन२ व्हायरस वेळोवेळी आढळला आहे.

अमेरिकेत डुकरांतील एच५एन१ संसर्गाची पहिली नोंद ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑरेगन राज्यातील एका घरगुती क्षेत्रावर झाली. तेथे कोंबड्या, बदके व डुकरे यांचे पाणी, निवारा व साधनसामग्री सामाईक होती. ही घटना लहान असली, तरी संक्रमण कोणत्या परिस्थितीत होते याचे ती नमुनेदार उदाहरण आहे.

डुकरांकडून पक्ष्यांकडे : या दिशेच्या संक्रमणात कोंबड्यांपेक्षा टर्की अधिक बळी पडतात. अमेरिकेत १९८० च्या सुमारास डुकरांतील एच१एन१ व्हायरस टर्कींत आढळू लागला. १९९८ मध्ये तेथील डुकरांत माणूस, डुक्कर व पक्षी अशा तिघांच्या व्हायरसांचे खंड असलेला एच३एन२ व्हायरस प्रकट झाला. पुढील काही वर्षांत तोही टर्कींच्या कळपांत गेला. प्रजननासाठी पाळलेल्या माद्यांत या संसर्गामुळे अंड्यांचे उत्पादन एकाएकी खालावते व अंड्यांचे कवच फिकट किंवा पातळ होते. मृत्यू फारसे होत नसले, तरी माद्यांचे उत्पादन पूर्ववत होण्यास वेळ लागत असल्याने नुकसान मोठे असते.

टर्की अधिक संसर्गक्षम असण्याचे एक कारण असे की, डुकराप्रमाणेच तिच्या श्वसनमार्गातही दोन्ही प्रकारचे ग्राही असतात. दुसरे कारण पालनपद्धतीशी निगडित आहे. व्यापारी जातींच्या टर्कींत नर फार जड असल्याने कृत्रिम वीर्यसेचन करावे लागते व त्यासाठी कामगारांना प्रत्येक मादी वारंवार हाताळावी लागते. २००९ मध्ये चिली, कॅनडा व अमेरिका येथील टर्कींत त्या वर्षीच्या जागतिक साथीचा व्हायरस आढळला. हा व्हायरस टर्कींच्या नाकात घातला असता संसर्ग सहज होत नाही, परंतु जननमार्गात घातल्यास होतो, असे नंतरच्या प्रयोगांत दिसून आले. यावरून आजारी कामगारांकडून वीर्यसेचनाच्या वेळी संसर्ग झाला असावा, असे अनुमान करण्यात आले. डुक्कर व पक्षी यांच्यातील दुवा पुष्कळदा माणूसच असतो, हे यावरून लक्षात येते.

मिश्रणपात्राची कल्पना : डुकराला पक्ष्यांतील व माणसातील अशा दोन्ही प्रकारच्या व्हायरसांचा संसर्ग होऊ शकत असल्यामुळे त्याच्या शरीरात या व्हायरसांची फेरजुळणी होऊन जागतिक साथींचे व्हायरस निर्माण होत असावेत, अशी उपपत्ती क्रिस्टोफ शोल्टिसेक यांनी १९८० नंतरच्या दशकात मांडली. या संदर्भात डुकराला ‘मिश्रणपात्र’ असे म्हटले जाते. १९५७ व १९६८ च्या साथींचे व्हायरस माणसातील व पक्ष्यांतील व्हायरसांच्या फेरजुळणीने झालेले आहेत हे निश्चित झाले आहे, परंतु ती फेरजुळणी डुकरातच झाली याचा पुरावा मिळालेला नाही. दक्षिण चीनमध्ये बदके, डुकरे व माणसे यांचे दाट व निकट सान्निध्य असल्यामुळे तो प्रदेश साथींचे उगमस्थान असावा, असे मत १९८२ मध्ये पुढे आले.

या कल्पनेत नंतरच्या संशोधनाने दोन दुरुस्त्या केल्या. डुकराच्या श्वसनमार्गातील ग्राहींची मांडणी माणसाच्या श्वसनमार्गाहून फार वेगळी नाही, असे आढळले. पक्ष्यांतील व्हायरसाला योग्य असे ग्राही दोघांतही मुख्यतः फुप्फुसाच्या खोल भागात असतात. तसेच लावा व टर्की या पक्ष्यांतही दोन्ही प्रकारचे ग्राही आहेत. म्हणजेच फेरजुळणी डुकरातच होते असे नाही, ती माणसात किंवा पाळीव पक्ष्यांतही होऊ शकते. १९९७ मध्ये हाँगकाँग येथे १८ माणसांना एच५एन१ चा संसर्ग होऊन ६ माणसे मरण पावली. त्या वेळी व्हायरस कोंबड्यांतून थेट माणसात आला होता व त्याला डुकराच्या मध्यस्थीची गरज पडली नव्हती.

असे असले, तरी मिश्रणपात्राची कल्पना निराधार नाही, हे २००९ च्या साथीने दाखवून दिले. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको व अमेरिका येथे ओळखल्या गेलेल्या एच१एन१ व्हायरसाचे आठ खंड निरनिराळ्या मार्गांनी डुकरांत आलेले होते. त्यांपैकी तीन खंड डुकरांतील जुन्या व्हायरसाचे होते, दोन उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांतून व एक माणसातून १९९८ च्या सुमारास डुकरांत आलेले होते आणि उरलेले दोन १९७९ मध्ये यूरोपातील डुकरांत शिरलेल्या बदकांच्या व्हायरसाचे होते. मेक्सिकोतील डुकरांत हे सर्व खंड एकत्र आल्याचे पुढील संशोधनात दिसून आले. बेल्जियममधील काही डुकरांना बदकांपासून झालेल्या संसर्गाचा परिणाम तीस वर्षांनी साऱ्या जगाला भोगावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी जागतिक साथ जाहीर केली. तिच्या पहिल्या वर्षात सु. १·५ ते ५·७५ लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे.

साथ पसरल्यावर रोगाला ‘स्वाइन फ्ल्यू’ हे नाव पडले व त्यातून पुष्कळ गैरसमज झाले. व्हायरसाचे मूळ डुकरांत असले, तरी साथ माणसाकडून माणसाकडे पसरत होती आणि नीट शिजवलेले डुकराचे मांस खाल्ल्याने रोग होत नव्हता. असे असूनही ईजिप्तमध्ये देशातील सु. ३ लाख डुकरे मारण्याचा आदेश देण्यात आला. कैरो शहरातील कचरा गोळा करणारे लोक खरकट्यावर डुकरे पोसत असत. त्यांचा उपजीविकेचा आधार नाहीसा झाला व शहरात ओल्या कचऱ्याचे ढीग साचले. माणसांतील साथ मात्र या उपायाने थांबली नाही. उलट अनेक देशांत माणसांनीच डुकरांना संसर्ग दिला व तो व्हायरस आता डुकरांत स्थिरावला आहे.

संक्रमणाचे मार्ग : डुकरांत व्हायरस मुख्यतः नाकातील स्रावातून, खोकल्याच्या तुषारांतून व प्रत्यक्ष स्पर्शाने पसरतो. पक्ष्यांत विष्ठा व दूषित पाणी हे प्रमुख मार्ग आहेत. थंड हवेत व्हायरस बराच काळ टिकतो. ४° से. तापमानाला तो विष्ठेत सु. एक महिना, तर २०° से. तापमानाला सु. एक आठवडा संसर्गक्षम राहतो. ऊन, उष्णता, साबण व सामान्य जंतुनाशके यांनी तो लवकर नष्ट होतो, कारण त्याचे बाह्य आवरण स्निग्ध पदार्थांचे बनलेले असते.

दोन्ही प्रकारच्या प्राण्यांत संक्रमण पुढील मार्गांनी होते : (१) पाणपक्षी उतरतात अशा तळ्याचे पाणी प्रक्रिया न करता डुकरांना किंवा कोंबड्यांना पाजणे, (२) डुकरे व पक्षी एकाच आवारात मोकळी सोडणे, (३) मेलेल्या कोंबड्या किंवा कोंबड्यांच्या मांसाचे न शिजवलेले अवशेष डुकरांना खाऊ घालणे, (४) कामगारांचे हात, कपडे व पादत्राणे, तसेच वाहने, पिंजरे, अंड्यांचे ट्रे व खाद्याची पोती, (५) कोंबडखत व तुसाची गादी डुकरांच्या आवाराजवळ टाकणे, (६) जिवंत प्राण्यांचे बाजार, जेथे निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले प्राणी अनेक दिवस एकत्र राहतात. मत्स्यतळ्याच्या काठावर डुकरे व बदके पाळून त्यांच्या विष्ठेचा तळ्यासाठी खत म्हणून उपयोग करण्याची पद्धत आशियातील अनेक देशांत आहे. लहान शेतकऱ्याला ती फायदेशीर असली, तरी तीत हे दोन्ही प्राणी पाण्याच्या द्वारे जोडले जातात, ही बाब दुर्लक्षून चालत नाही.

निदान व टेहळणी : लक्षणांवरून निश्चित निदान करता येत नाही. पक्ष्यांचा घसा व अवस्कर (मल, मूत्र व अंडे यांचा सामाईक मार्ग) आणि डुकरांचे नाक येथून बोळ्याने नमुने घेऊन पॉलिमरेज शृंखला विक्रियेने व्हायरसाच्या आनुवंशिक सामग्रीचा शोध घेतात. कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यात व्हायरस वाढवून तो वेगळा करता येतो. पूर्वी होऊन गेलेला संसर्ग रक्तरसातील प्रतिपिंडांवरून ओळखतात. खंडांचा क्रम निश्चित केल्यास व्हायरस कोणत्या प्राण्यांतून आला हे कळते. पक्ष्यांत साथ आली असता त्याच आवारातील डुकरे निरोगी दिसत असली, तरी त्यांची तपासणी करणे आवश्यक मानले जाते. २०२४ मध्ये अमेरिकेत एच५एन१ चा संसर्ग दुभत्या गायींतही आढळल्यापासून पक्ष्यांखेरीज इतर पाळीव प्राण्यांच्या टेहळणीचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

प्रतिबंध : सर्वांत परिणामकारक व स्वस्त उपाय म्हणजे दोन्ही प्रकारचे प्राणी वेगळे ठेवणे. त्यांचे निवारे, पाणी, खाद्य, अवजारे व शक्य असल्यास कामगारही वेगळे असावेत. एकाच माणसाला दोन्हीकडे काम करावे लागत असेल, तर हात धुणे व पादत्राणे आणि कपडे बदलणे आवश्यक आहे. पक्षिगृहांना जाळ्या बसवून रानपक्ष्यांना मज्जाव करावा, पृष्ठभागावरील पाणी क्लोरीनमिश्रित करून वापरावे व मेलेले पक्षी खोल पुरावेत किंवा जाळावेत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात टर्की उघड्या कुरणांवर वाढवीत असत, तेव्हा रानबदकांपासून त्यांना वारंवार संसर्ग होई. त्या बंदिस्त घरांत पाळल्या जाऊ लागल्यावर असे संसर्ग पुष्कळच घटले. मात्र डुकरांतील व्हायरसांचा उपद्रव केवळ छप्पर घातल्याने थांबत नाही, कारण तो बहुधा माणसे व वाहने यांच्यामार्फत येतो.

डुकरांसाठी निष्क्रिय केलेल्या व्हायरसाच्या लशी काही देशांत वापरल्या जातात. परंतु व्हायरस सतत बदलत असल्याने लस व प्रचलित व्हायरस यांचा मेळ न बसल्यास संरक्षण अपुरे पडते. पशुपालनातील कामगारांनी हंगामी इन्फ्ल्यूएंझाची लस दर वर्षी टोचून घेणे इष्ट असते, कारण त्यामुळे माणसातील व्हायरस डुकरांत जाण्याचा व फेरजुळणीचा संभव कमी होतो. ताप किंवा खोकला असलेल्या कामगाराला कामावरून दूर ठेवणे आवश्यक आहे. रजेच्या दिवसांची मजुरी बुडत असेल, तर तो आजार लपवतो. त्याचप्रमाणे नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई वेळेवर न मिळाल्यास पशुपालक रोगाची वर्दी देण्याचे टाळतात किंवा आजारी प्राणी घाईने विकून टाकतात व रोग दूरवर पसरतो. त्यामुळे मजुरी व भरपाई हे प्रश्नही रोगप्रतिबंधाचाच भाग ठरतात.

भारतातील स्थिती : २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सु. ८५ कोटी पाळीव पक्षी व सु. ९१ लाख डुकरे होती. डुकरांची संख्या ईशान्येकडील राज्यांत अधिक असून आसामचा क्रमांक पहिला आहे. त्या भागात घराच्या परसात डुकरे, कोंबड्या व बदके एकत्र पाळण्याची पद्धत रूढ आहे. महाराष्ट्रात व्यापारी कुक्कुटपालन मोठे असून वराहपालन त्या मानाने अल्प आहे. तथापि अनेक गावांत व शहरांच्या कडेला मोकाट डुकरे उकिरड्यांवर चरतात व कोंबड्यांचे टाकाऊ अवशेष तेथेच टाकले जातात. [⟶ कुक्कुटपालन].

भारतातील कोंबड्यांत घातक एच५एन१ ची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर येथे झाली. या परिसरात अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारी अनेक क्षेत्रे होती. लक्षावधी पक्षी व अंडी नष्ट करण्यात आली आणि त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबांना जबर फटका बसला. त्यानंतर देशाच्या निरनिराळ्या राज्यांत हा रोग वारंवार उद्‌भवला आहे. २००९ च्या जागतिक साथीतील भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुणे येथे नोंदला गेला. या साथीचा व्हायरस पुढे भारतातील डुकरांतही आढळला.

प्राण्यांतील इन्फ्ल्यूएंझाच्या निश्चित निदानाचे काम भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत, तर माणसातील व्हायरसांच्या अभ्यासाचे काम पुणे येथील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत चालते. पक्ष्यांत घातक रोग आढळल्यास रोगस्थानाभोवतीच्या ठराविक क्षेत्रातील पक्षी नष्ट करून भरपाई देण्याचे व त्यापलीकडच्या क्षेत्रात टेहळणी ठेवण्याचे शासकीय धोरण आहे. कोंबड्यांचा मृत्यू पशुपालकाला लगेच जाणवतो व तो वर्दी देतो, पण डुकरातील सौम्य खोकल्याची दखल बहुधा घेतली जात नाही. म्हणून परसातील व मोकाट डुकरांची नियमित तपासणी आणि कोंबड्यांच्या अवशेषांची सुरक्षित विल्हेवाट या दोन गोष्टींना भारतासारख्या देशात विशेष महत्त्व आहे.